भिंतीला पायऱ्या

आमच्या घरमालकांना माणसं आवडत नसत, आणि माणसांनी त्यांना शेवटपर्यंत आपलं मत बदलायची संधी दिली नाही. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते एका संगमरवरी पाटीवर कोरलेलं आहे, पाटी अजून जागेवर आहे, आणि त्यांची याहून क्रूर थट्टा कुणी केली नसेल. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

म्हैसुरात, सरस्वतीपुरममधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे असं शाळेत कळलं, म्हणून मी आणि माझा नवरा बघायला गेलो. मी जवळच्याच शाळेत शिकवायची, नवरा बँकेत. काकूंनी आम्हाला बसवलं आणि घरमालकिणीने विचारायचे सगळे प्रश्न विचारले. माहेर कुठलं, सासर कुठलं, घरी मराठी बोलता की कन्नड, देव कुठला. माझं माहेर म्हणजे शहरातल्या जुन्या पेठेतलं शिंप्यांचं घर, गळ्यात माळ, घरात विठ्ठल. काकू माध्व ब्राह्मण. त्यांनी अडखळत विचारलं, "मासे-बिसे काय खाइनात ना ग?"

कोपऱ्यात वर्तमानपत्रामागे बसलेले काका पहिल्यांदा बोलले. "खात असतील तर बरंच की. माशाची किंमत तरी माहीत असेल."

मग त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि मला विचारलं, "या घरावर पडलेलं पावसाचं पाणी कुठं जातं?"

मी शिक्षिका. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही आमची खोड. "कुक्करहळ्ळीच्या तळ्यात जात असेल," मी म्हटलं.

"असेल. म्हणजे माहीत नाही. मग माहीत नाही म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून बोललीस." त्यांनी काकूंकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला, आम्हाला फाटकाबाहेर नेलं आणि रस्त्यावर ओतला. पाणी ज्या बाजूला गेलं त्या बाजूला आम्हा दोघांना चालायला लावलं. ते पाणी संपलं तिथे आम्ही उभे राहिलो, शेजारच्या बायका गॅलरीतून बघत होत्या, आणि काका म्हणाले, "जागा तुम्हाला दिली."

बरं वाटावं म्हणून बोलणं, हा त्यांच्या लेखी माणसाचा मूळ आजार होता. डॉक्टर, पुढारी, भटजी, भाजीवाली, सगळे त्याने पछाडलेले. "खरं कुणी सांगत नाही ग. तुला बरं वाटेल ते सांगतात आणि वाटेला लागतात." हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि समोरच्याला वाईट वाटेल असं काहीतरी सांगून स्वतः निरोगी असल्याचा पुरावा देत. माझ्या नवऱ्याने नवी स्कूटर घेतली, पेढे दिले, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "रंग वाईट आहे."

ते पाटबंधाऱ्याच्या खात्यातून निवृत्त झाले होते. शहराकडे ते रस्ते आणि घरं म्हणून बघत नसत, उतार म्हणून बघत. ओळखीचा कुणी भेटला की तो कुठे राहतो यापेक्षा तो वरच्या अंगाला राहतो की खालच्या, याची त्यांना पडलेली. नव्या वसाहतीत बंगला बांधलेल्या एका प्राध्यापकांना त्यांनी भर लग्नात सांगितलं होतं की तुमची बैठकीची खोली ओढ्याच्या अंगावर आहे, तो एक दिवस परत येईल. आणि मंगल कार्यालय बुजवलेल्या नाल्यावर बांधलेलं असेल तर ते आत पाऊल टाकत नसत. "पाण्याच्या वाटेवर बसून मी जेवत नाही."

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अशाच एका कार्यालयात झालं. ते ठरवलं होतं माझ्या मामाने. मामाचं टेलरिंगचं दुकान, विठ्ठलाच्या देवळातल्या भजनी मंडळाचा तो पुढारी, गोड गळ्याचा, गोड मनाचा माणूस. काका आले, रस्त्यावर उभे राहिले, अक्षता तिथूनच टाकल्या. मामा हात जोडून बाहेर गेला. काकांना तो कानडी रीतीने, मानाने रायरे म्हणायचा. "रायरे, आत या की. असं रस्त्यात उभं राहिलात तर आम्हाला कसं वाटतं?"

"तुम्हाला कसं वाटतं ते मी नाही ठरवलं. कार्यालय तुम्ही ठरवलं."

मामाने केळीचं पान स्कूटरच्या सीटवर मांडलं आणि काकांना तिथे वाढलं. काका उभ्याने बिसी बेळे भात जेवले, रस्त्याने जाणारे बघत होते. माझी आई तो अपमान अजून विसरलेली नाही. मामा मात्र विसरला. तो विसरला नसता तर पुढचं काही झालं नसतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

एका रविवारी काकांनी मला हाक मारली आणि स्कूटरवर बसवलं. हुणसूर रस्त्याने हिनकल गाव मागे टाकून आम्ही आत वळलो. शेतं, नवे प्लॉट पाडल्याचे दगड, आणि मधून एक ओढा. त्याला कन्नडात नुसतंच हळ्ळ म्हणतात, वेगळं नाव द्यावं एवढा तो मोठा नव्हता. खाली एक तळं, वर एक तळं, आणि दोघांना जोडणारं हे पाणी. तिथले लोक त्यांना खालची केरे आणि वरची केरे म्हणतात. मधे ओढ्याला आडवी, माझ्या छातीइतकी उंच, एक दगडी भिंत होती.

"ही माझी," काका म्हणाले.

मला वाटलं, जमीन त्यांची असेल.

"भिंत माझी. मी बांधली. म्हैसूर राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं तेव्हाची. मी नवा इंजिनिअर. ओढा माती खात होता, लोक म्हणाले काहीतरी करा, मी केलं. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या पावसात बघायला आलो तर हे मासे, इकडे गेंडे म्हणतात त्यांना, वीतभर लांबीचे, खालच्या केरेतून वर अंडी घालायला निघालेले. या भिंतीवर उड्या मारत होते. उडी मारायची, आपटायचं, परत उडी. खाली लोक टोपल्या घेऊन बसलेले. मी काय केलं माहीत आहे? मी हसलो. ड्रायव्हरला म्हटलं, आयतेच आहेत, घरी घेऊन जा."

त्यांनी भिंतीच्या दगडावर हात ठेवला. मग म्हणाले, "वरच्या केरेत आता एक मासा नाही. शेवाळ आहे, डास आहेत. मासेमारीवर जगणारी घरं होती, ती उठून गेली. मला फार काही नको. या ओढ्यातून एक मासा आपल्या पायाने वर गेलेला बघायचा आहे. माशाला पाय नसतात हे मला माहीत आहे, तू सांगू नकोस."

त्या दिवशी मला काका आवडायला लागले. त्याआधी मी त्यांना नुसती घाबरत होते.

भिंत पाडायला त्यांनी परवानगी मागितली होती. खात्यात ती भिंत कुठल्या कागदावर सापडेना, आणि नसलेली भिंत पाडायची परवानगी देता येत नाही असं त्यांना कळवण्यात आलं. दुसरा कुणी चिडला असता. काका खूश झाले. "नसलेल्या भिंतीला पायऱ्या बांधायला परवानगी कशाला लागते?" म्हणून भिंतीला एका बाजूने दगडांच्या पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीवर पाणी साठेल असं लहानसं कुंड, आणि वर भिंतीला एक खाच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

हे त्यांनी काकूंच्या इडलीपात्रावर शोधून काढलं. मागच्या अंगणात कपडे धुवायचा उतरता दगड होता. त्याच्यावर इडलीच्या ताटल्या एकाखाली एक मांडायच्या, वरून बादलीने पाणी सोडायचं, आणि कुठल्या वाटीत पाणी फार खळबळतं ते अंगठा घालून बघायचं. साऱ्या उन्हाळ्यात आमच्या घरात इडली झाली नाही. काकू म्हणायच्या, "अय्यो, लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर काशीला जातात. माझा नवरा इडलीपात्रात गेला."

"सगळ्यांना वाटतं मासा उडी मारून वर जातो," काका मला समजावत. "चूक. मासा विसावा घेत वर जातो. दोन विसाव्यांच्या मधे थोडं चढतो. उंच पायरी केलीस तर तो मरतो, विसावा दिलास तर तो डोंगर चढेल."

मुलांना शिकवताना हे वाक्य मी नंतर पुष्कळदा वापरलं. ज्याचं होतं त्याचं नाव सांगितलं नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं.

पण पायऱ्या बांधून भागणार नव्हतं. भिंतीखालचा ओढा म्हणजे शहराचा उकिरडा झाला होता. नव्या वसाहतीचं सांडपाणी, कार्यालयातल्या उष्ट्या पत्रावळी, गाद्या, मेलेली जनावरं. हात हवे होते, आणि काकांना एकसुद्धा माणूस धार्जिणा नव्हता. त्यांनी शेजाऱ्यांना सांगून पाहिलं. शेजारी म्हणाले, फार चांगली कल्पना आहे. काका घरी येऊन म्हणाले, "सगळे बरं वाटेल ते बोलले. येणार कुणी नाही." खरोखरच कुणी आलं नाही.

मग एका एकादशीला काकांनी असं काहीतरी केलं की मी आणि काकू बघत राहिलो. काकू दर एकादशीला आमच्या मंडळाच्या भजनाला येत. काका कधी आले नव्हते. त्या दिवशी ते आले, चपलांच्या ढिगाशेजारी बसले, आणि आरती झाल्यावर उभे राहिले.

"दशावतारात पहिला कोण?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच सांगितलं, "मासा. तुम्ही रोज म्हणता ते. तो देव दर पावसाळ्यात तुमच्या गावात येतो आणि एका भिंतीवर डोकं आपटून मरतो. ती भिंत मी बांधली. तुम्ही त्याच्या वाटेत उष्टं टाकता. एवढंच सांगायचं होतं."

मामाचे डोळे भरून आले. तो टाळ तसाच हातात धरून उठला आणि म्हणाला, "रायरे, सांगा काय करायचं. आम्ही आहोत की."

घरी परतताना काकू कोपऱ्यावर येऊन म्हणाल्या, "अहो, देवाला असं कामाला लावू नये. तो एकदा कामाला आला की मालक होऊन बसतो."

"बसू दे," काका म्हणाले. "दगड उचलून होईपर्यंत बसला तरी पुरे."

त्यांना देवाधर्माचं काही नव्हतं. संध्या करत, पण सवयीने, दाढी करावी तशी. माणसाला बरं वाटेल ते न सांगणाऱ्या या माणसाने आयुष्यात एकदाच माणसांना आवडेल ते सांगितलं, आणि त्याला पोटभर यश आलं.

पुढचे कित्येक रविवार भजनी मंडळ ओढ्यात होतं. धोतरं वर खोचून, नऊवाऱ्या वर खोचून, अभंग म्हणत चिखल उपसत होतं. काका काठावरून शिव्या घालत. कुणी दगड उलटा बसवला की म्हणत, "देवासाठी करता म्हणून वाकडं केलं तर चालतं का?" एकदा गाळातून चिंध्यांनी भरलेलं पोतं निघालं. मामाने ते उघडलं, ब्लाऊजपिसांचे रंग ओळखले आणि कान धरले. ते त्याच्याच दुकानातलं होतं. सगळे हसले, आणि काकाही हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. काठावर करंजाची रोपं लागली, सांडपाण्याची मोरी वळवली गेली, आणि एक दिवस पायऱ्या पुऱ्या झाल्या. सगळ्यात वरचं कुंड मोठं होतं, मासा शेवटच्या चढाआधी थांबेल म्हणून. त्याच्या डोक्यावर भिंतीची खाच, आणि खाचेपलीकडे वरच्या केरेपर्यंत मोकळा ओढा.

पावसाळा आला. पहिल्या पुरात काही दिसलं नाही, पाणी गढूळ होतं. मग पाणी निवळलं आणि खालच्या कुंडात मासे दिसले. दोन दिवसांनी मधल्या कुंडात. काका रोज जात, छत्री टेकून उभे राहत, आणि घरी येऊन काकूंना सांगत, "चढतायत." त्यांच्या तोंडून एवढं ऐकून काकू देवापुढे साखर ठेवत.

मासे वरच्या मोठ्या कुंडात पोचले आणि बातमी पसरली. मंडळाच्या बायका बघायला गेल्या. कुणीतरी चुरमुरे टाकले, शृंगेरीच्या घाटावर देवाच्या माशांना टाकतात तसे. मासे वर आले, तोंडं उघडून खायला लागले. दुसऱ्या दिवशी जास्त बायका, जास्त चुरमुरे. कुणी हळदकुंकू वाहिलं. काका ओरडले, "खायला घालू नका. आयतं मिळालं की ते पुढं जाणार नाहीत." बायकांनी मान हलवली आणि काका गेल्यावर पुन्हा टाकले.

याच सुमाराला काकांच्या वडिलांचं श्राद्ध आलं. ते दरवर्षी सोसले गावच्या मठात करायचे. काका आणि काकू दोघं गेले, आणि नातेवाइकांकडे थोडे दिवस राहिले.

ते परतले त्या दिवशी दुपारी मामा नवं धोतर नेसून घरी आला. "रायरे, चला. तुमच्यासाठी एक गंमत आहे." काय आहे ते सांगेना. काकू पदराआड हसत होत्या. म्हणजे त्यांना माहीत होतं. मी शाळेतून आले होते, मलाही बरोबर घेतलं.

ओढ्याकाठी मांडव घातलेला. सनई लावलेली. वरच्या कुंडाभोवती फरशी, पितळी घंटा, आणि कुंडाच्या डोक्यावर, त्या खाचेत, घट्ट बसवलेली लोखंडी जाळी. बाजूला संगमरवराची पाटी. कन्नडात आणि मराठीत कोरलेलं होतं, श्री मत्स्यकुंड, आणि खाली काकांचं नाव, यांच्या प्रेरणेने.

मामाने काकांच्या गळ्यात हार घातला. माझ्या मामाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता तो खोटा नव्हता, हे मला सांगायलाच हवं. खोटा असता तर त्याचा राग धरणं सोपं गेलं असतं.

काका हार घालून जाळीकडे बघत राहिले. जाळीच्या अलीकडे मासे गोल गोल फिरत होते, वर चुरमुरे तरंगत होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मामा, पायजम्याला नेफा कशासाठी शिवता?"

"नाडी ओवायला की."

"मग नेफा शिवून नाडीची भोकं शिवून टाकलीत तर?"

मामाला कळलं. तो गोंधळला. "पण रायरे, वर गेले तर दर्शन कुणाला होणार? मोठी केरे ती. हरवून जातील की. इथं राहिले तर सगळ्यांना दिसतात. लहान मुलं येतात, म्हातारी माणसं येतात. देव आपणहून आलाय, त्याला कसं सोडायचं?"

इतकं सरळ होतं ते. माझ्या लोकांना देव आवडतो, आणि जे आवडतं ते डोळ्यांसमोर धरून ठेवायचं, एवढीच त्यांना भक्ती माहीत. त्या माशांच्या पोटात अंडी होती. त्यांना वर जायचं होतं. ते कुणी विचारलं नाही.

काकांनी हार काढला, काकूंच्या हातात दिला. "तुला माहीत होतं?"

"तुम्हाला आनंद होईल म्हणून नाही सांगितलं," काकू म्हणाल्या. "घंटा मी दिली. आपल्या दोघांच्या नावानं."

ते मांडवाबाहेर पडले.

रात्री पाऊस झाला. पहाटे दार वाजलं. खाली काका उभे होते, हातात पक्कड आणि पहार. "छत्री धरायला कुणीतरी हवं," म्हणाले. मी गेले.

ओढा भरून वाहत होता. खाचेतून पाणी धो धो येत होतं, आणि कुंडातले मासे त्या धारेवर येऊन जाळीला धडकत होते. काका गुडघाभर पाण्यात उतरले. त्या वयात, त्या पाण्यात. जाळीचे खिळे निघेनात. त्यांनी पहार घातली, पक्कडीने तारा तोडल्या. हात रक्ताळले. जाळीचा एक कोपरा सुटला, मग अर्धी बाजू. एवढ्यात काकडआरतीला आलेल्या बायकांनी ओरडा केला, मंडळाची माणसं धावत आली, आणि त्यांच्यापाठोपाठ मामाने रिक्षातून काकूंना आणलं.

कुणी काकांवर हात टाकला नाही. दोघांनी दंडाला धरून वर घेतलं एवढंच. पण लोक संतापले होते. देवाची जाळी तोडली, देवाला हाकलून देतात, पोलिसांत देऊ, असं कुणी कुणी म्हणत होतं. मामा रडत होता. काकू काकांच्या समोर उभ्या राहिल्या.

"हात जोडा," काकू म्हणाल्या. "यांच्या देवाला तुम्ही बोलावलंत, मी नाही. आता यांची माफी मागा, आणि मला शब्द द्या, परत इकडं पाऊल ठेवणार नाही म्हणून. मला या लोकांत राहायचंय. तुम्हाला कुणी नकोय, मला हवेत."

काका काकूंकडे वळले. ओढा आता काकांच्या पाठीमागे होता.

आणि त्या वेळी मी पाहिलं. जाळी जिथे सुटली होती तिथून एक मासा धारेत घुसला, थबकला, शेपटी मारली, आणि पलीकडे गेला. मग दुसरा. मग एकामागून एक, चंदेरी पाठी पाण्याच्या वर दिसत होत्या. मी ओरडायला हवं होतं. पण काकांनी हात जोडले होते. आयुष्यात कुणापुढे न जोडलेले, रक्ताने माखलेले हात त्यांनी माझ्या मामापुढे जोडले होते, आणि काकूंना शब्द देत होते. त्या क्षणी त्यांना हाक मारायला माझी जीभ उचलली नाही. त्यांनी मान वर केली तोवर लोकांनी पुढे होऊन जाळी दाबून धरली होती.

रिक्षात मी त्यांच्या कानाशी बोलले. "काका, गेले. मासे वर गेले. मी पाहिले."

ते माझ्याकडे वळले. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्यात इतकी माया होती की मला आधी आनंद झाला, आणि मग कळलं की ते माझी कीव करत होते.

"चांगली मुलगी आहेस," ते म्हणाले. "तुलासुद्धा हा आजार आहे."

मी शपथ घेतली. पहिला मासा कुठल्या कोपऱ्यातून गेला ते सांगितलं. ते मान डोलवत ऐकत राहिले, आजाऱ्याचं ऐकावं तसं. पुढच्या रविवारी मी एकटी वरच्या केरेवर गेले. एवढं मोठं पाणी, शेवाळ, त्यात मूठभर मासे कुठले दिसणार? घरी येऊन मी खरं ते सांगितलं, दिसले नाहीत. हे मात्र त्यांनी लगेच मानलं.

जाळीच्या जागी जाड गज बसले. जे मासे मागे राहिले होते ते उन्हाळ्यात कुंडातलं पाणी आटल्यावर, आंबलेल्या चुरमुऱ्यांत, पोटं वर करून मेले. मंडळाने त्यांना फुलं वाहून करंजाच्या झाडाखाली पुरलं. कुणीतरी म्हणालं, रायरांचा तळतळाट लागला. मग शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून नारिंगी मासे आणून सोडले. ते दिसायला बरे दिसतात आणि कुठे जायला मागत नाहीत. आता तिथे रेलिंग आहे, बाकं आहेत, संध्याकाळी लोक फिरायला येतात. माझं मामाशी बोलणं आहे. पण त्याच्याकडून मी ब्लाऊज शिवून घेत नाही.

काकांनी शब्द पाळला. ते ओढ्याकडे गेले नाहीत, आणि थोड्याच वर्षांत त्यांना अर्धांग झालं तेव्हा जाण्याचा प्रश्न उरला नाही. खिडकीशी पडून असत. काकू भरवत, आणि ते निमूट खात. मी वरून उतरून जवळ बसायची. एकदा त्यांनी जड जिभेने विचारलं, "तू म्हणाली होतीस ते. गेले म्हणून. खरं सांग."

"खरंच गेले, काका."

त्यांनी डोळे मिटले आणि चांगला हात माझ्या हातावर थोपटला. समजूत मीच त्यांची काढत होते, पण थोपटत होते ते. त्याच महिन्यात ते गेले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त व्हायच्या बेतात होते तेव्हा, हुणसूर रस्त्यावर हिनकलच्या पुढे एक बाई टोपली घेऊन बसलेली दिसली. माळकऱ्याच्या घरातली मी, जन्मात माशाच्या टोपलीपाशी थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले, कारण टोपलीत चंदेरी, वीतभर लांबीचे मासे होते. मी विचारलं कुठले, तर तिने हाताने वरची बाजू दाखवली. "मेलिन केरेदु, अम्मा," वरच्या केरेतले. पुष्कळ आहेत म्हणाली. कुणी सोडले, विचारलं, तर म्हणाली, कोण सोडणार? आहेत, असेच.

मी एक मासा घेतला. तिने केळीच्या पानात बांधून दिला. मी तो पदराखाली धरून सरस्वतीपुरमला आले. आम्ही ते घर सोडून वर्षं झाली होती, काकू एकट्या राहत होत्या. त्या ओसरीत फुलवाती करत बसल्या होत्या. मी पायरीच्या खालीच उभी राहिले आणि पान उघडलं. काकूंनी आयुष्यात मासा जवळून पाहिला नसेल. त्या उठल्या, चष्मा लावला, आणि वाकून बघत राहिल्या.

"वरच्या केरेतला?"

"हो काकू. त्या दिवशी गेले होते त्यांची पोरंबाळं."

"म्हणजे तू खरं सांगत होतीस."

"हो."

त्यांनी बोट पुढे केलं, माशाच्या पाठीला लावलं, आणि पटकन मागे घेतलं. मग त्या पुन्हा खाली बसल्या, आणि कापूस हातात घेतला.

"आता कुणाला दाखवायला आणलास ग?" त्या म्हणाल्या.

मी पान मिटलं आणि फाटकाबाहेर पडले.